विक्रीसाठी नाही

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. निपाणी सोडून सदलग्याकडं निघालं की वाटेत लागणाऱ्या गावांपैकी ते एक आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथल्या सरकारी दवाखान्यात आजही आठवड्यातून तीनदा हातात सुया टोचून घेणाऱ्या माणसांना कुणीतरी बोलावून घेईल आणि विचारेल, "बाईंना हे कुणी सांगितलं?" माझ्यामुळं त्यांना असं एकदा बोलावलं गेलं आहे. पुन्हा नको.

मी तिथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. घरात मी आणि आई. आईच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी बेळगाव सांगितलं होतं आणि मी तिकडं भाड्याची खोली बघायलाही लागले होते. पण त्याच वर्षी आमच्या दवाखान्यात डायलिसिस सेंटर निघालं. जागा सरकारी, मशिनं सरकारी, चालवायला एक कंत्राटदार. सगळं मोफत. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारभर आई रेक्झिनच्या खुर्चीत पडून असायची. हेडमास्तरांनी माझे तास सकाळी लावून दिले होते, त्यामुळं मी तिच्या पायाशी स्टुलावर.

त्या खोलीत माणसं एकमेकांची फार लवकर होतात. कुणाचं वजन किती वाढलं, कुणी चोरून उसाचा रस प्यायला, कुणाला झोप लागत नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. आईच्या शेजारच्या खुर्चीत आक्का असायची. स्टँडजवळ तिची खानावळ होती. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं आणि अगं-तुगं करायचं, मीसुद्धा. अंगानं जाड, आवाज मोठा. साखरेच्या आजारानं आधी डोळे अधू केले आणि मग किडन्या घेतल्या. स्वतःच्या हातची आमटी तिला वर्ज्य होती. "मी वासावर जगते," म्हणायची. "मेंबर जेवत्यात, मी वास घेते."

समोरच्या खुर्चीत तिशीतला एक रिक्षावाला. बायको नांदत नव्हती, आईजवळ राहायचा. मशीनवरून उठल्यावर माणसाला धड चालवत नाही, पण हा भिंतीला टेकून थोडा वेळ बसायचा आणि मग आईला आणि आक्काला रिक्षात घालून घरी सोडायचा. भाडं विचारलं तर हसायचा. "असू दे ओ बाई. एका मशीनचं भाऊबंद आमी."

खोलीच्या भिंतीवर कानडीत मोठा बोर्ड होता, इथं कुठल्याही गोष्टीचे पैसे पडत नाहीत म्हणून. त्याच बोर्डाखाली उभा राहून कंत्राटदाराचा तिथला माणूस सांगायचा, "रक्तवाढीचं इंजेक्शन स्टॉकला न्हाय. बाहेरनं आणा." बाहेर म्हणजे फाटकासमोरचं औषधांचं दुकान. तिथं ते कायम असायचं. बाटलीवरच्या लेबलाचा खालचा भाग ब्लेडनं खरवडलेला असायचा, पण घाईत कधीकधी अक्षरं राहून जायची: सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही. आतलंच औषध मागच्या दारानं बाहेर जात होतं आणि पुढच्या दारानं आमच्या पिशवीतून परत येत होतं.

यात गुपित काहीच नव्हतं. दुकान कुणाच्या मेहुण्याचं, कंत्राटदार कुणाचा माणूस, हे आमच्या नववीतल्या मुलांनाही माहीत होतं. आमच्या भागात एका घराचा शब्द चालतो. त्या घरातल्या थोरल्याला सगळे साहेब म्हणतात आणि वरचं सरकारही त्यांचंच आहे. आक्का म्हणायची, "आमच्याच गोठ्यातली म्हस, आन दूध आमालाच इकत." म्हणायची आणि विकत घ्यायची. मीही आई होती तोवर दर आठवड्याला घेतलं आणि तोंड उघडलं नाही. आईचा हात त्यांच्या सुईखाली होता.

मग आई गेली. ती घरी, झोपेतच गेली. माझे मंगळवार, गुरुवार, शनिवार तसेच उरले. हेडमास्तरांनी तास बदलले नव्हते आणि मीही बदला म्हटलं नाही. सवयीनं मी दवाखान्यात जाऊन बसायची. आक्काच्या शेजारच्या खुर्चीत आता पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक आप्पा यायचे. मी कुणाला पेपर वाचून दाखवायची, कुणाच्या पायावर चादर घालायची. तिथं बसूनच मी पहिली तक्रार लिहिली. खूप दिवसांनी मला काहीतरी करायला मिळालं होतं, आणि त्यात मला बरं वाटत होतं, हे मी आधीच सांगते.

तक्रार बेंगळुरूला पाठवली, बेळगावलाही दिली. उत्तर आलं नाही. ओळखीच्या एका वार्ताहरानं सगळं लिहून नेलं, छापून आलं नाही. "वरनं नको म्हणाले," इतकंच सांगितलं त्यानं, तेही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून. त्या सुमारास जवळच्याच एका गावातल्या पोराला साहेबांचं व्यंगचित्र फोनवर स्टेटस म्हणून ठेवल्याबद्दल उचललं होतं. ग्रामसभेत कुणी टेंडरबद्दल विचारलं की माइक बंद पडायचा. लोक बोलायचे, पण आधी इकडंतिकडं बघून.

तेव्हा मी व्हिडिओ काढायचं ठरवलं. एका शनिवारी, तो माणूस जेवायला गेला होता तेव्हा, मी फोन काढला आणि खोलीतल्या सगळ्यांना विचारलं, बोलाल का? सगळे हो म्हणाले. आक्कानं तर पदर सारखा केला आणि खरवडलेली बाटली हातात धरून सगळं सांगितलं, नाव-गाव-पत्त्यासकट. रिक्षावाला दोनच वाक्यं बोलला. "आमी गरीब हाय, पर आंधळं न्हाय. लेबल वाचाय येतंय आमास्नी."

त्या व्हिडिओचं काय झालं ते आमच्या भागात कुणालाही विचारा. दोन दिवसांत तो निपाणीपासून बेळगावपर्यंत फिरला, राज्याच्या सीमेवरच्या नाक्याच्या पलीकडं कागल-कोल्हापुरातही गेला. बसमध्ये अनोळखी बाई माझ्याकडं बघून हसली. शाळेच्या शिपायानं चहा आणून दिला आणि न बोलता नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस मला फार आवडले होते.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. पीएसआयनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. "टीचर, निमग याक बेकु इदेल्ला?" म्हणाले. हे सगळं तुम्हाला कशाला हवंय, असं अगदी मनापासून विचारल्यासारखं. मग मराठीत म्हणाले, "तुमचा पेशंट तर वारला न्हवं? मग आता तिथं तुमचं काय राहिलंय?"

मी बोर्डाबद्दल, बाटल्यांबद्दल बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग हा सरकारच्या बदनामीचा मामला आहे, आणि मराठी बाईनं मराठी पेशंटांना पुढं करून केलाय, म्हणजे सीमेपलीकडच्यांची फूस असणार, असं कागदावर आहे, असं त्यांनी सांगितलं. "मी लिहिलं न्हाय हो," म्हणाले. "वरनंच लिहून आलंय." शांतता राखीन म्हणून माझ्याकडून बाँड लिहून घेतला आणि फोन ठेवून घेतला.

पुढच्या मंगळवारी दवाखान्यात गेले तर सेंटरच्या दाराला कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का आणि खाली कागद: चौकशीसाठी बंद. बाहेर व्हरांड्यात आक्का, रिक्षावाला, आप्पा आणि बाकीचे सगळे आपापल्या पिशव्या घेऊन बसले होते. तालुक्याहून एक अधिकारी आले होते. स्वभावानं मृदू, मराठी चांगलं बोलणारे. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, तुमच्या तक्रारीची सरकारनं अतिशय गंभीर दखल घेतली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत एकाही पेशंटला त्या मशीनवर घेणं बरोबर नाही. हो की नाही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. 

कोल्हापूर आम्हाला जवळ. पण कोगनोळीचा नाका ओलांडला की आमचं मोफत उपचाराचं कार्ड चालत नाही आणि तिकडचा खर्च यातल्या कुणाला झेपणारा नव्हता. उरलं बेळगाव. पहाटेची बस धरून निपाणी, तिथून दुसरी बस, मग ऑटो, मग दवाखान्याच्या पायऱ्यांवर नंबर. तिथलीच माणसं मशिनांना पुरत नव्हती, त्यात ही नवीन. ज्यांना तीनदा लागायचं त्यांना दोनदा मिळायला लागलं, कधी एकदाच. मी शनिवारी बरोबर जायची. सुट्टीच्या दिवशीही जायची. पिशव्या धरायची, खिडकीची जागा पकडून द्यायची, ओकारी आली तर पिशवी पुढं करायची. नंबर लागो न लागो, आक्कानं खानावळ आठवड्यातले तीन दिवस बंद ठेवायला सुरुवात केली आणि तिचे मेंबर दुसरीकडं जेवायला लागले. तिच्या तोंडून माझ्याबद्दल एक वाईट शब्द आला नाही. कुणाच्याच नाही. बसमध्ये आप्पा मला म्हणायचे, "तुमी बसा बाई, उभ्या का?"

कुणीतरी मला शिव्या द्याव्यात असं मला वाटायचं.

रिक्षावाला एका सोमवारी गेला. शनिवारी त्याचा नंबर लागला नव्हता. उन्हाळा होता, मोजूनच प्यायचं पाणी आवरलं नसेल. सकाळी त्याला श्वास पुरेना. बेळगाव लांब म्हणून शेजाऱ्यांनी जीप काढून कोल्हापूरच्या दिशेनं नेला. नाका ओलांडला, कागल यायच्या आधीच संपलं. मला शाळेत मधल्या सुट्टीत कळलं. पुढचा तास आठवीचा होता, तो मी घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही, पण घेतला.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. दारात त्याची रिक्षा उभी होती, तिच्यावर ताडपत्री घातलेली. आत बायका बसल्या होत्या. मी उंबऱ्यापाशी खाली बसायला लागले तर त्याची आई उठली. "बाई आल्यात, खुर्ची आणा गं," म्हणाली. मी नको नको म्हणत असताना शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची आली आणि त्या सगळ्या बायका जमिनीवर बसलेल्या असताना मला खुर्चीवर बसवलं.

"तुमी लई केलासा ओ आमच्यासाठी," त्याची आई म्हणाली. "माझं लेकरू म्हणायचं, आये, आपल्या बाजूनं कोन तर एक उभं ऱ्हायलं बघ. तो इडिओ मला रोज दावायचा. लेबल वाचाय येतंय आमास्नी, म्हणतोय न्हवं त्यात? कसा म्हणतोय!"

मला तिला सांगायचं होतं, की मी तो व्हिडिओ काढला नसता तर तो आज असता. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिला काय वाटलं असतं? मी नुसती तिचा हात धरून बसले. सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून काही न बोलता उठले आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला रजा टाकून मी त्या मृदू अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेले. मला आदल्या आठवड्यातच निरोप होता, की बाईंनी मनावर घेतलं तर सेंटर लगेच उघडता येईल. त्यांनी चहा मागवला. कागद तयारच होता, कानडीत आणि खाली मराठीत: माझी माहिती अपुरी होती, गैरसमजातून तक्रार झाली, पेशंट माझ्या सांगण्यावरून व्हिडिओत बोलले, मी दिलगीर आहे. मराठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या. मग सही केली.

"सेंटर कधी उघडेल?" मी विचारलं.

"लगेच. आमच्या हातात असतं तर आम्ही बंदच केलं नसतं, बाई."

ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. माझ्या नावाला काळिमा लागला तर लागू दे, माणसं तर जगतील. मी काहीतरी मोठं सोडून दिलं आहे, असं मला वाटत होतं. बाजारातून भाजी घेऊन घरी गेले, स्वयंपाक केला, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी आक्का आली. एवढं चालून, जिना चढून ती कधी येत नसे. पायांना सूज होती. चपला दारात काढायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. बरोबर आप्पा होते. दोघं सोफ्यावर टेकले. आक्काच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न पाहिलेलं तेज होतं.

"आमी न्हाय म्हणून आलाव," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या तालुक्याच्या सायबाला. काल समद्यास्नी बोलीवलं हुतं. कागद फुडं केला. इडिओ बाईनं फूस लावून काढला, आमी लेबल वाचलं बी न्हवतं, असं लिव्हल्यालं. सही करा, सेंटर उघडतो म्हणाला. आमी म्हणलं, बसून इचार करून सांगतो. काल राती खानावळीत समदी बसली. सुतक असून त्या पोराची आई बी आलती. ती म्हणाली, माझं तर गेलं, पर तुमी सही करू नगासा. मग आमी ठरीवलं. कोल्हापुरात एक डॉक्टर हाय, त्यानं कळीवलंय, महिनाभर फुकट मशीन देतो, यायची सोय तेवढी बघा. आप्पांच्या पुतण्याची जीप हाय. महिना काढू. मरत न्हाय आमी लगेच. आज जाऊन त्याच्या तोंडावर न्हाय म्हणून आलाव."

आप्पा म्हणाले, "आमची पेन्शन बी अडीवली तर अडीवू दे म्हणलं."

मी उभीच होते. हातात पाण्याचा तांब्या होता, त्यांना पाणी द्यायचं नसतं हे विसरून आणलेला.

"आक्का, मी लिहून दिलं," मी म्हणाले. "आज सकाळीच."

तिला लगेच कळलं नाही. "काय लिहून दिलंस?"

मी सांगितलं. आप्पांनी मान खाली घातली. आक्का माझ्याकडं बघत राहिली. तिला नीट दिसत नसे, त्यामुळं ती माणसाकडं फार रोखून बघायची.

"कुणाला इचारलंस?"

"आक्का, तो गेला. आणखी कुणी जायला नको म्हणून..."

"कुणाला इचारलंस म्हणतीया मी."

मी तांब्या टेबलावर ठेवला.

"खानावळीत ताटाचा भाव वाढवायचा म्हणलं तरी मी मेंबरास्नी इचारते गं. जीव आमचा, मरान आमचं, आन सही तुझी?" ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "इडिओ काढताना इचारलीस, तवा आमच्या हातात सुया हुत्या. उठून तर जाता येत हुतं का आमास्नी? तरी मी म्हणलं, जाऊ दे, चांगलं करतीया पोरगी. आन आज सुया न्हाईत, आमी आमच्या पायानं उभं ऱ्हायलाव, तर तू इचारलंच न्हाईस."

आप्पा म्हणाले, "आक्का, बास आता. बाईंनी आपल्यासाठीच केलं."

"व्हय की," आक्का म्हणाली. "आपल्यासाठीच केलं. समदी आपल्यासाठीच करत्यात."

तिनं बर्फाचा खडा मागितला. मी फ्रिजमधून आणून दिला. तो जिभेखाली धरून ती थोडा वेळ बसली आणि मग आप्पांच्या हाताला धरून उठली. मी जिन्यापर्यंत गेले. तिनं मागं बघितलं नाही.

सेंटर आठवड्याच्या आत उघडलं. मांडव घातला होता. साहेब स्वतः आले होते. मला बोलावणं आलं आणि हेडमास्तर म्हणाले, "जाऊन या बाई, संस्थेचा पण विचार करा." मी गेले. स्टेजवर मला शेवटच्या खुर्चीत बसवलं. साहेब भाषणात म्हणाले, की आपल्या भागातल्या एका सुशिक्षित भगिनीचा गैरसमज झाला होता, पण त्यांनी मोठ्या मनानं तो मान्य केला, अशा मनाची माणसं आज कुठं मिळतात. मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. मला माइकसमोर उभं केलं. मी म्हणाले, "धन्यवाद."

स्टेज दवाखान्याच्या भिंतीला लागून होतं. फीत कापायच्या आधीच आतली मशिनं सुरू केली होती, फोटोसाठी. खिडकीतून आक्का दिसत होती, खुर्चीत, हातात नळ्या. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं तोंड फिरवलं, नळ्यांनी फिरवू दिलं तेवढं.

ते सगळे जगले. म्हणजे त्या वर्षी तरी जगले. आप्पा पुढच्या थंडीत हृदयविकारानं गेले, त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. आक्का अजून आहे. मी सही केली नसती तर त्यांचा तो महिना निघाला असता की नाही, कोल्हापूरच्या डॉक्टरनं शब्द पाळला असता की नाही, नाक्यावर जीप अडवली गेली असती की नाही, हे मला कळणार नाही. कधीकधी मी स्वतःला सांगते, की एखादा तरी आणखी गेलाच असता आणि मी त्याला वाचवलं. कधीकधी सांगते, की ते जिंकले असते. दोन्ही वेळी मला झोप लागत नाही.

माझ्या दिलगिरीच्या कागदाची प्रत सेंटरच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. कुणी नवीन नातेवाईक आवाज चढवून बोलायला लागला की तिथला माणूस बोटानं दाखवतो. "आधी बी एकीनं केलतं. बघा, तिनंच लिहून दिलंय." इंजेक्शन अजून बाहेरच मिळतं. आता लेबल खरवडायचेही कष्ट कुणी घेत नाही.

आक्का माझ्याशी पावसाळा संपेपर्यंत बोलली नाही. एक दिवस मी खानावळीत जाऊन बसले, महिन्याची मेंबर व्हायचंय म्हणाले. तिनं नेहमीच्या मेंबरासारखं ताट पुढं ठेवलं. जेवून मी हात धुवायला उठले तेव्हा म्हणाली, "मेले न्हाय बघ मी. तुझ्या सहीवर जगतीया." यात राग किती आणि उपकाराची जाण किती, ते मला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. "आमटीत मीठ बरोबर हाय का? मला कळत न्हाय," तिनं विचारलं. मी बरोबर आहे म्हटलं. आता मी तिथं रोज जेवते. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. खानावळीत आतल्या खोलीत रुग्णांचं काही बोलणं चाललं असेल तर मी पुढच्या टेबलावरच बसते. मला कुणी आत बोलावत नाही आणि मी कान देत नाही.

गेल्या महिन्यात शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप आला. सदलग्याकडचा, ऊसतोडीच्या टोळ्यांना वाहनं पुरवणारा, धडधाकट माणूस. बायकोला डायलिसिस सुरू झालं होतं. वर्गाबाहेर उभा राहून त्यानं खिशातून इंजेक्शनची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाई, तुमाला यातलं कळतंय म्हणून ऐकलं. ह्याच्यावर असं लिहिलंय, आन दुकानदार पैसे घेतोय. कुठं तक्रार करायची? मी भीत न्हाय कुणाला."

मी बाटली उन्हात धरून वाचली. मला सगळं पाठ आहे, तरी वाचली. तक्रार कुठं करायची ते मला माहीत होतं. कशी लिहायची, कुणाला प्रत द्यायची, तेही. त्याच्या बायकोला आठवड्यातून किती वेळा बोलावलंय ते मी विचारलं. तीनदा, तो म्हणाला.

मी त्याला निपाणीच्या बाजारातल्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथं तेच औषध जरा स्वस्त मिळतं. त्यानं तो फोनमध्ये लिहून घेतला, बाटली परत खिशात ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. मग मुलीला हाक मारून तिच्या हातात डबा दिला आणि गाडी काढून गेला. तास सुरू व्हायची घंटा झाली. मुलं आत गेली. मी थोडा वेळ व्हरांड्यातच उभी राहिले.